मुंबईचा ताण रत्नागिरीत मोजताना

२०११च्या जनगणनेचे आकडे जाहीर झाले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन आकड्यांनी लक्ष वेधून घेतलं. इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्याची सरासरी ९२९ होती. आणि देशाची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची लोकसंख्या मात्र दहा वर्षांत जवळपास पाच टक्क्यांनी घटून १६ लाख १५ हजारांवर आली होती. बाहेरच्यांना याचं नवल वाटलं असेल. कोकणात कुणाला वाटलं नाही. बाप्ये मुंबईला, हे इथल्या घराघरातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं वास्तव आहे.

शहरात राहिल्याने माणसाचं मन बिघडतं का, हा प्रश्न बहुतेक वेळा शहरात बसून विचारला जातो. गर्दी, गोंगाट, लोकलचा प्रवास, घराचे हप्ते, शेजाऱ्याचं नावही ठाऊक नसणं, ही त्याची नेहमीची यादी. ती खोटी नाही. पण रत्नागिरीतून पाहिलं की याच प्रश्नाची दुसरी बाजू समोर येते. इथलं एकच कुटुंब दोन ठिकाणी नांदतं. कमावते हात मुंबईत, म्हातारी माणसं आणि देव गावच्या घरात. शहराचा ताण या कुटुंबाच्या दोन्ही टोकांना पोचतो, आणि अभ्यासांनी मात्र दर वेळी त्यातलं एकच टोक हातात धरलेलं दिसतं.

आधी त्या अभ्यासांकडे वळू. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच लिहून ठेवलं होतं की महानगरात माणसावर संवेदनांचा इतका मारा होतो की तो स्वतःला वाचवण्यासाठी अलिप्त होत जातो. झिमेल यांचं ते निरीक्षण होतं, मोजमाप नव्हे. मोजमाप केलं १९३९ मध्ये शिकागोच्या फॅरिस आणि डनहॅम या दोघांनी. मनोरुग्णालयांत दाखल झालेल्यांचे पत्ते त्यांनी शहराच्या नकाशावर मांडले. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण शहराच्या मध्यभागी, भाड्याच्या स्वस्त खोल्यांच्या वस्तीत दाटले होते आणि बाहेरच्या बाजूला विरळ होत गेले होते. तेव्हापासून वाद सुरू झाला: त्या वस्तीने माणसं आजारी पाडली, की आजारी माणसं परवडेल तिथे, म्हणजे त्या वस्तीत, येऊन पडली?

या वादाला बळकट उत्तर मिळायला साठ वर्षं लागली. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची जन्मापासून नोंद असते. पेडरसन आणि मॉर्टेनसन यांनी सुमारे १९ लाख लोकांच्या नोंदी तपासून २००१ मध्ये दाखवलं की वयाच्या पंधरा वर्षांपर्यंत मूल जितकी जास्त वर्षं मोठ्या शहरात राहतं, तितका पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका वाढतो. संपूर्ण बालपण राजधानीत काढलेल्यांना तो खेड्यात वाढलेल्यांच्या पावणेतीन पट होता. आजार जडण्याआधीच्या वर्षांचा हा हिशेब असल्याने ‘आजारी माणसं शहरात येतात’ एवढंच म्हणून भागेना. अर्थात हा आजार शंभरात एखाद्याला होतो, तेव्हा पावणेतीन पट झाला तरी शहरातली बहुसंख्य मुलं धडधाकटच मोठी होतात, हे विसरून चालणार नाही.

मेंदूत नेमकं काय होतं याचा एक धागा २०११ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या संशोधकांना सापडला. त्यांनी तरुण मुलामुलींना स्कॅनरमध्ये झोपवून घड्याळ लावून अवघड गणितं सोडवायला दिली आणि मधूनमधून ‘तुम्ही मागे पडताय’ असं दटावलं. शहरात राहणाऱ्यांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, त्या दटावणीने जास्त चेतला. ज्यांचं बालपण शहरात गेलं होतं, त्यांच्यात या घंटेवर ताबा ठेवणारा भाग निराळा वागत होता. गणित अवघड होतं म्हणून नव्हे, तर कुणीतरी आपल्याला कमी लेखतंय या जाणिवेने हे घडत होतं, हा त्या प्रयोगातला कळीचा मुद्दा. २०१९ मध्ये डेन्मार्कच्याच नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी उपग्रहाच्या छायाचित्रांशी जुळवल्या गेल्या. घराभोवती सर्वांत कमी झाडी असलेल्या मुलांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका, सर्वांत हिरव्या परिसरात वाढलेल्यांपेक्षा ५५ टक्क्यांपर्यंत जास्त होता.

हे सगळं युरोप-अमेरिकेतलं. तिथलं गणित जसंच्या तसं आपल्याकडे आणता येत नाही, याचाही पुरावा आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या ४२ देशांतल्या दोन लाखांहून अधिक लोकांची माहिती २०१८ मध्ये तपासली गेली, तेव्हा शहरात राहणं आणि भ्रम-भास होणाऱ्या आजारांचा असा कोणताही ठळक संबंध दिसला नाही. या देशांत खेड्यातलं दारिद्र्य, कर्ज, उपासमार यांचाही मनावर भार असतो. शहर तिथून सुटकेची वाटही असतं. कोकणातल्या किती घरांत मुंबईच्या पगाराने चूल पेटती ठेवली, मुलं शिकवली, कौलं चढवली, हे आठवलं तर हा निष्कर्ष परका वाटत नाही.

भारतापुरतं बोलायचं तर बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण हा आजही मुख्य आधार आहे. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. महानगरांत हे प्रमाण १४.७ टक्के, तर ग्रामीण भागात ६.९ टक्के. म्हणजे महानगरात दुपटीहून जास्त. उपचारांपासून वंचित असलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होतं. बारा राज्यांत हे सर्वेक्षण झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. देशातलं सर्वांत दाट महानगर आणि त्याला माणसं पुरवणारं कोकण, दोन्ही या मोजणीबाहेर राहिली. धोरण आखणाऱ्यांना ही उणीव अजून पुरेशी टोचलेली नाही.

मुंबईच्या बाबतीत एक आकडा मात्र सरळसोट समजुतीला धक्का देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१च्या अहवालात देशात दर लाख लोकसंख्येमागे १२ आत्महत्यांची नोंद होती, ५३ मोठ्या शहरांत मिळून १६.१. मुंबईचा दर आठच्या आसपास, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षाही कमी होता. नोंदी अपुऱ्या असतात हे मान्य करूनही प्रश्न उरतो. गर्दीनेच माणूस खचत असेल, तर मुंबई या यादीत वरच्या क्रमांकावर हवी होती.

याचं उत्तर शोधायला मुंबईच्या कापडगिरण्यांभोवतालच्या जुन्या गिरणगावात शिरावं लागतं. १९२१ मध्ये मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि त्यातले सव्वादोन लाखांहून अधिक लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता, तो वेगळा झाला १९८१ मध्ये. म्हणजे मुंबईतल्या दर पाच माणसांत जवळपास एक रत्नागिरीकर. परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींत हे लोक गावाच्या नावाने राहत. गावमंडळाने एक खोली भाड्याने घ्यायची आणि गावातून आलेल्या प्रत्येकाने तिथे वळकटी टाकायची. खोली दहा बाय बाराची, माणसं वीस-पंचवीस. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका एकावर एक, दोरीवर कपडे, कोपऱ्यात गावच्या देवाची तसबीर. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. पावसाळा सोडला तर बाकीचे गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराच्या दिवशी.

मानसिक आरोग्याच्या आजच्या कोणत्याही निकषावर ही खोली नापास होईल. एकांत नाही, झोप पुरी नाही, बायको-मुलं तीनशे किलोमीटर दूर. तरीही त्या खोलीत एक गोष्ट होती. माणूस दोन दिवस कमी जेवला, गप्प बसू लागला, पगार उडवू लागला, तर ते पंचवीसजणांच्या नजरेत यायचं. त्यांतले निम्मे नात्यातले. कुणीतरी त्याला गिरणीच्या दवाखान्यात न्यायचं, कुणी गावी पत्र टाकायचं, फारच झालं तर सोबत देऊन घरी पाठवायचं. भजनी मंडळ, नमन-जाखडीचे कार्यक्रम, कबड्डीचा संघ, युनियनची गेट मीटिंग यांतून त्याचं नाव कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असायचं. मानहाइमच्या प्रयोगात कमी लेखलं जाण्याच्या जाणिवेने जी घंटा वाजली, ती वाजू न देणारी व्यवस्था या लोकांनी स्वतःच उभी केली होती.

तिचं गुणगान करताना तिची किंमतही सांगायला हवी. ती किंमत दारूने वसूल केली, क्षयाने केली, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या फुफ्फुसांनी केली. आणि खानावळवाल्या बायकांनी भोगली, ज्या पहाटे चारपासून पंधरा-वीस जणांचं रांधायच्या आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. कर्जाची ती सोय म्हणजे या बायकांच्या मनावरचा सर्वांत मोठा भार उतरवणं होतं, जरी तेव्हा त्याला कुणी मानसिक आरोग्याचं काम म्हटलं नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि खोलीची व्यवस्था तिच्या खालची जमीनच सरकल्यासारखी कोसळली. हजारो कामगार गाठोडी बांधून कोकणात परतले. गावात मुंबईहून आलेला म्हणजे मान असलेला माणूस. आता तोच रिकाम्या हाताने आला होता. वीस वर्षं मनीऑर्डर पाठवणाऱ्याला आता बायकोने भातलावणीच्या मजुरीत मिळवलेल्या पैशांतून विडी मागावी लागत होती. त्या काळात घराघरात दारू वाढली, अबोले वाढले, कामधंद्याविना बसलेले पुरुष पडवीतून उठेनासे झाले. गिरणगावातल्या संपाची कहाणी अनेकांनी लिहिली. पण कोकणातल्या पडव्यांत त्याने काय केलं, हे फारसं नोंदलं गेलं नाही. शहरी जीवनाचा मनावरचा हा सर्वांत मोठा आघात शहरापासून तीनशे किलोमीटरवर, लाल मातीत जिरून गेला.

जे मुंबईतच राहिले त्यांची पुढची पिढी नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूरला सरकली. इथे स्वतःचं घर मिळालं, बायको-मुलं सोबत आली, संडास घरात आला. हे लाभ मोठे आहेत आणि त्यांना कमी लेखणं अन्यायाचं होईल. विरारहून चर्चगेटला जायला मात्र दीड तास लागतो, यायलाही तेवढाच, आणि तोही श्वास कोंडणाऱ्या डब्यात. नवरा-बायको दोघं कामाला, पोरं पाळणाघरात किंवा दाराला कडी लावून घरात. सोसायटीत कोकणातले लोक असले तरी ते वेगवेगळ्या तालुक्यांतले, वेगवेगळ्या वेळांना येणारे-जाणारे. कुणी आठवडाभर दिसलं नाही तरी फ्लॅटचं दार बंदच असतं, त्यात नवं काय?

केईएम रुग्णालयाच्या डॉ. शुभांगी पारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालाडच्या मालवणी वस्तीत केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीतल्या बायाबापड्यांनी ताणाची कारणं सांगितली ती अशी: संडासाची सोय नाही, आडोसा नाही, नवऱ्याचं काम सुटलंय, तो पितो, वस्तीत गुंडगिरी आहे. डॉक्टरांच्या भाषेतलं नैराश्य आणि चिंता त्यांच्या तोंडी नळ, मोरी आणि दारूच्या गुत्त्याच्या रूपाने आली. हा अभ्यास मुंबईच्या संदर्भात फार मोलाचा आहे, कारण मनाचा उपचार कुठे सुरू करायचा याचा पत्ता त्यात मिळतो. त्यातले निम्मे पत्ते महापालिकेच्या कचेरीत आहेत.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळींचं काय होतंय, त्याकडे या दृष्टीने पाहायला हवं. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये कोकणी आणि घाटी कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. आता यांतल्या बहुतेक चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं असलेले टोलेजंग मनोरे उभे राहताहेत. वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. सासू-सून-नातवंडांच्या आड पडदा लावून जगलेल्या जोडप्यांना स्वतःची खोली मिळणं ही साधी गोष्ट नव्हे. चाळीची गॅलरी मात्र गेली. संध्याकाळी तांदूळ निवडत बसणाऱ्या बायका, खाली पत्त्यांचा डाव, येणाऱ्याजाणाऱ्यावर म्हाताऱ्यांची नजर, हे तिसाव्या मजल्यावर लिफ्टने जाणाऱ्याला आपोआप मिळत नाही. ज्यांनी हे मनोरे आखले त्यांनी प्रत्येक मजल्यावर बसायला जागा, खाली मैदान आणि म्हाताऱ्यांसाठी सावली यांचा विचार कितपत केला, याची तपासणी घरं ताब्यात दिल्यानंतरही पाच-दहा वर्षं होत राहिली पाहिजे.

आता गावच्या टोकाकडे. संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या वाड्यांमध्ये फिरलं तर दर दोन-तीन घरांमागे एकाला कुलूप दिसतं. उरलेल्या घरांत एक म्हातारी, नाहीतर म्हातारा-म्हातारी. ओटीवर प्लास्टिकची खुर्ची, खुंटीला औषधांची पिशवी, आणि मुलाने घेऊन दिलेला मोबाईल खिडकीच्या ज्या चौकटीत रेंज येते तिथे ठेवलेला. मुलाचा फोन रात्री नऊला, लोकलमधून उतरल्यावर. तो तिकडून विचारतो ‘जेवलीस?’, ही इकडून म्हणते ‘जेवलंय, तू बघ स्वतःकडे.’ दोघंही एकमेकांना खरं सांगत नाहीत. ती गुडघा सुजल्याचं लपवते, तो नोकरी डळमळीत झाल्याचं.

इथे आणखी एक सर्वेक्षण कामी येतं. ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी करणाऱ्या ‘लासी’ या २०१७-१८च्या अभ्यासात म्हाताऱ्या माणसांतलं नैराश्य शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आढळलं. निम्हान्सचं सर्वेक्षण म्हणतं आजार महानगरात जास्त, लासी म्हणतो वृद्धांचं दुःख गावात जास्त. वरवर पाहता हे एकमेकांना छेद देणारे निष्कर्ष आहेत. रत्नागिरीच्या कुटुंबात ते एकाच छपराखाली नांदतात. मुलगा पहिल्या सर्वेक्षणात मोजला जाईल, आई दुसऱ्या. ज्या एका घटनेने दोघांवर भार टाकला, म्हणजे मुलाचं मुंबईला जाणं आणि तिथे अडकणं, ती दोन्हींत कुठेच नोंदली जात नाही. शहरी मानसिक आरोग्य आणि ग्रामीण मानसिक आरोग्य असे दोन वेगळे कप्पे करून योजना आखण्याची सरकारी पद्धत कोकणापुरती तरी मोडीत काढायला हवी.

मधल्या पिढीतल्या बायकांना तर कुणी विचारतच नाही. ज्या सुना गावात राहिल्या त्यांनी शेत, गुरं, सासू-सासरे, पोरांची शाळा आणि भावकीतले तंटे एकहाती सांभाळले. नवरा गणपतीला आणि शिमग्याला येणार, आठ दिवस पाहुण्यासारखा राहणार. अंगदुखी, डोकं जड, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन परततात. नाहीतर भगताकडे, देवाला गाऱ्हाणं घालायला. गाऱ्हाणं घालून मन हलकं होतं, त्यात वाईट काही नाही. पण कोंबडं आणि उतारा यांच्या चक्रात आजाराची दोन-दोन वर्षं निघून जातात तेव्हा नुकसान होतं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, पण कायदा पर्यायी दार उघडून देत नाही. ते दार दवाखान्याचं असायला हवं, आणि ते चालत जाण्याच्या अंतरावर हवं.

दोन्ही टोकांतली वीण किती नाजूक झाली आहे ते २०२०च्या उन्हाळ्यात उघड झालं. कोरोनाच्या टाळेबंदीत काम गेलेले, दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलेले मुंबईतले कोकणी नोकरदार, म्हणजे चाकरमानी, मिळेल त्या वाहनाने, काही तर पायी, कोकणाकडे निघाले. जिल्ह्याच्या सीमेवर तपासणी, गावच्या शाळेत विलगीकरण, आणि काही वाड्यांच्या वेशीवर चक्क बांबूचे अडसर. ज्यांच्या वर्गणीतून देवळाचा जीर्णोद्धार झाला त्यांनाच गावाने बाहेर थांबायला सांगितलं. गावकऱ्यांची भीती खरी होती, कारण वाडीत म्हातारी माणसं आणि जवळ इस्पितळ नाही. ज्याला अडवलं गेलं त्याच्या मनातला ओरखडाही खराच. मुंबईत काहीही झालं तरी मागे गाव आहे, हा चाकरमान्याचा सगळ्यात जुना दिलासा त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा डगमगला.

या सगळ्याच्या मधोमध, रत्नागिरी शहरात, एक जुनी संस्था आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा ज्या वर्षी रत्नागिरीत नजरकैदेत आणला गेला, त्याच १८८६ सालची तिची स्थापना. राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांत ते सर्वांत लहान: येरवड्याच्या २५४० आणि ठाण्याच्या १८५० खाटांपुढे इथल्या ३६५. कोकणासह घाटावरच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण इथे येतात. मोठ्या रुग्णालयांच्या तुलनेत लहान आकार हा खरं तर गुण आहे; सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी समाजापासून दूर ठेवण्यासाठी बांधलेल्या वास्तूंना घरगुती करणं ३६५ खाटांत जमू शकतं, अडीच हजारांत नाही. पण रुग्णालय कितीही चांगलं असलं तरी मंडणगडच्या किंवा राजापूरच्या टोकाकडच्या माणसाला तिथवर येण्यासाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मोडावं लागतं, सोबतच्या माणसाचीही.

म्हणूनच उपचार वाडीपर्यंत नेणारे प्रयोग इथे महत्त्वाचे ठरतात, आणि सुदैवाने त्यांतले उत्तम प्रयोग शेजारीच झाले आहेत. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने ‘मानस’ प्रकल्पात डॉक्टर नसलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि २४ दवाखान्यांत तपासून पाहिलं. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत या समुपदेशक बायकांची सोबत मिळालेल्यांपैकी ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आतबाहेर होतं. खासगी डॉक्टरांकडे असा फरक दिसला नाही, कारण तिथे डॉक्टर आधीपासूनच रुग्णाशी बोलत होते. बोलणं हेच औषध ठरलं, आणि ते जिथे दुर्मीळ होतं तिथे सर्वांत जास्त लागू पडलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना हे काम शिकवलं. साताऱ्याची ‘परिवर्तन’ संस्था ‘मानसमित्र’ घडवते आहे. ठाण्यात १९९०पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था शाळा, कारखाने, कुटुंबं यांच्यात शिरून मानसिक आरोग्य हा बोलण्याचा विषय करते आहे. ठाण्यातल्या कोकणी कुटुंबांना मराठीतून मनाबद्दल बोलायला शिकवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची मोफत सेवा सुरू आहे, नालासोपाऱ्यातला मुलगा आणि लांज्यातली आई दोघंही तोच क्रमांक, मराठीत, लावू शकतात. दोन टोकांना एकाच धाग्याने जोडणारी ही सरकारी सोय आहे. तिचा फलक प्रत्येक एसटी स्थानकावर, रत्नागिरी–दिवा पॅसेंजरच्या डब्यांत आणि गणपतीच्या जादा गाड्यांमध्ये लागायला हवा. गणपतीचे ते दहा दिवस म्हणजे आई आणि मुलगा एकाच घरात असण्याची वर्षातली सर्वांत खात्रीची वेळ. आशाताईंच्या घरभेटी त्या दिवसांत ठेवल्या, तर रक्तदाबासोबत झोपेची आणि मनाची चौकशी दोघांच्या समोरासमोर होऊ शकेल. २०२३ मध्ये सुरू झालेल्या रत्नागिरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला पाठ कोणता?

दरम्यान रत्नागिरी स्वतःच शहर होत चालली आहे. २०११ मध्ये नगरपालिकेच्या हद्दीत ७६ हजारांच्या आसपास माणसं होती; त्यानंतर नाचणे, कुवारबाव, शिरगावच्या बाजूला इमारती वाढत गेल्या. साळवी स्टॉपपासून मारुती मंदिरापर्यंत संध्याकाळी वाहनं खोळंबतात. आंब्या-फणसाची परसं तोडून चारमजली सोसायट्या उठतात आणि त्यांत तालुक्यांतून आलेली कुटुंबं राहायला येतात, शाळांसाठी, दवाखान्यांसाठी. मुंबईने ज्या चुका शंभर वर्षांत केल्या त्या टाळायला रत्नागिरीकडे अजून वेळ आहे, कारण मांडवी आणि भाट्येचा किनारा मोकळा आहे आणि टेकड्यांवर अजून झाडी शिल्लक आहे. डेन्मार्कच्या त्या अभ्यासाने मुलांच्या घराभोवतालच्या झाडीबद्दल जे सांगितलं, ते इथल्या विकास आराखड्यात आरक्षणाच्या रूपाने यायला हवं, आणि आरक्षण टिकायलाही हवं.

आणि या नव्या शहरात एक नवा चाकरमानी आहे. हापूसच्या बागांत राखणीला आणि मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर खलाशी म्हणून नेपाळमधून हजारो पुरुष येतात. काही बागांतल्या खोपट्यांत बायको-मुलांसह राहतात. त्यांच्यासाठी रत्नागिरी हीच मुंबई. बागेतल्या एकट्या खोपट्याला मात्र चाळीची खोली नाही, भजनी मंडळ नाही, आणि घरी जायला कोकणकन्या एक्सप्रेस नाही. गिरणगावात एकेकाळी कोकणी माणूस जसा आपल्या माणसांच्या नजरेत होता, तसे हे कुणाच्या नजरेत नाहीत. आजारपण विकोपाला गेलं की रस्त्यावर भटकताना सापडतात. त्यांच्या विचारपुशीसाठी हंगामाच्या सुरुवातीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बंदरावर आणि बागायतदारांच्या सहकार्याने बागांत तपासणी शिबिरं घेता येतील. मनोरुग्णालयाच्या ओपीडीत नेपाळी बोलणारा एक माणूस नेमला गेला, तर रुग्णाचं गाव, घरचा फोन आणि दुखणं पहिल्याच दिवशी कळेल. ज्या जिल्ह्याने शंभर वर्षं परक्या शहरात माणसं धाडली, त्याला ही नेमणूक का करायची हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.